बिजागरीतला अर्धा दाणा

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मी नवऱ्याच्या कॅमेऱ्याची पूजा करताना त्यात तांदूळ घातले. कॅमेऱ्यावर नाही हो... कॅमेऱ्यात. दार उघडून, आत, अगदी प्रेमाने.

हसून घ्या. मी थांबते.

झालं? आता दुसरी गोष्ट. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि मनसोक्त हसते. उलट्या पायांच्या बाया, सुनसान रस्त्यावर गाडीला हात दाखवणारी म्हातारी... मीही म्हातारीच आहे, मीही आर्वीच्या स्टँडबाहेर गाड्यांना हात दाखवते. कुणी घाबरत नाही आणि कुणी थांबतही नाही. आमचं घर स्मशानाच्या रस्त्यावर आहे. पन्नासेक वर्षांत तिकडून आमच्याकडे डासांशिवाय कोणी आलेलं नाही. तेव्हा ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’ हे तुम्ही सगळे लिहिता ते वाक्य मीही लिहिते, फक्त माझं खरं आहे.

तर, फोन.

माझी नात जुई पुण्याला नोकरी करते. तिने नवा फोन घेतला आणि आपला वर्षभर वापरलेला घडीचा फोन मला आणून दिला. हो, घडीचा. पुस्तकासारखा उघडतो, आत हा एवढा मोठा पडदा. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला. माझी बोटं हल्ली थरथरतात, छोट्या पडद्यावर ‘अ’ दाबायला जावं तर ‘ळ’ उमटतो, म्हणून हा मोठा.

पहिले आठ दिवस मी तो फक्त उघडत होते आणि मिटत होते. मिटताना तो जो आवाज करतो ना, टप्प... तो आवाज मला ओळखीचा होता. ह्यांचा, म्हणजे नवऱ्याचा, कॅमेरा मिटायचा तसाच. आमच्या ह्यांचा आर्वीत फोटो स्टुडिओ होता. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे एक जुना घडीचा कॅमेरा होता. पुढचं झाकण पाडलं की काळ्या चामड्याचा भाता बाहेर यायचा, पेटीच्या भात्यासारखा, आणि त्याच्या टोकाला काच. काम झालं की भाता आत, झाकण वर, टप्प. खिशात. मी वीस वर्षांची नवी नवरी, स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकला की समजायचं, साहेब आले.

आता त्र्याहत्तराव्या वर्षी तोच आवाज माझ्या हातात.

सवय लवकर झाली म्हणा. सकाळी ओट्यावर अर्धा उघडून उभा करते, लॅपटॉपसारखा, आणि भाकरी थापता थापता कीर्तन ऐकते. मधल्या घडीवरून बोट फिरवलं की कपाटातून काढलेल्या लुगड्याची मोड लागावी तसं लागतं. दुपारी या ग्रुपवर तुमची भुतं. संध्याकाळी भजनी मंडळाचे फोटो... त्याला हाताचा पंजा दाखवला की तो तीन मोजतो आणि स्वतःच फोटो काढतो. आमच्या मंडळाच्या प्रत्येक फोटोत नऊ म्हाताऱ्या हात वर करून उभ्या आहेत, कोर्टात शपथ घेतल्यासारख्या. भाजीवाली प्रमिला तर रोज म्हणते, “आजी, एक बार खोलून दाखवा ना वो.” मी दाखवते. कोथिंबीर जास्तीची मिळते.

जुईने मला नियम सांगितले होते. आतली प्लास्टिकची फिल्म काढायची नाही. ब्लाऊजमध्ये खोचायचा नाही. पिठाचे हात लावायचे नाहीत. आणि मिटताना मध्ये काही राहता कामा नये, “आजी, एक कण जरी राहिला ना, स्क्रीन गेला समज.”

मी म्हटलं, “मले काय सांगून राह्यली बाई. माह्याइतकं हे कोणाले माहीत नसन.”

तिला वाटलं मी विनोद केला.

आता तो पहिला दसरा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

माझ्या सासूबाईंनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. मुलगा गावभराचे फोटो काढतो आणि आईचा एक नाही, म्हणून हे मागे लागलेले. त्या म्हणायच्या, “माह्या तोंडात काय पाहाचं हाय? तुह्या बापानं बी नाई पाह्यलं कधी धड.” शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कशा कोण जाणे तयार झाल्या. अंगणात बाजेवर बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि अट घातली, “हे हासून राह्यली, हिले आत पाठव.” ‘हे’ म्हणजे मी. मला आत पाठवलं. दाराच्या फटीतून मी पाहिलं. ह्यांनी एकच फोटो घेतला. रोल महाग, आणि त्यात तोच शेवटचा फोटो. कॅमेरा मिटला, टप्प, आणि खोलीत पाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दसरा, हत्यारांची पूजा. न्हाव्याचा वस्तरा, सुताराचा रंधा, तसा आमच्याकडे कॅमेरा.

सकाळी हे आंघोळीला गेले. सासूबाई म्हणाल्या, “पूजेची तयारी कर.” तयारी कर म्हणाल्या होत्या, पूजा कर नाही. पण आपण पडलो हुशार. अक्षतांचे तांदूळ उंच फळीवरच्या डब्यात होते, आणि मी पडले बुटकी आणि आळशी. खाली कणीचा डबा होता. घेतली मूठभर कणी, कालवलं कुंकू. पूजेला अख्खा दाणा लागतो, तुटका चालत नाही, हे मला माहीत होतं. पण कोण पाहतंय?

मग कॅमेऱ्यासमोर बसले आणि मनात आलं, याच्या पोटात काय असतं ते कधी पाहिलंच नाही. पाठीमागे एक छोटी कडी होती. ओढली. दार उघडलं. आत काळा-पिवळा कागद गुंडाळलेला आणि त्यावर चकचकीत पट्टी. मला वाटलं, हाच याचा गाभारा. हळद, कुंकू, चिमूटभर अक्षता आत टाकल्या. हात जोडले. न्हाणीघराची कडी वाजली तशी मी घाबरून पदरानं आत पुसलं, तांदूळ झटकले, आणि दार बंद केलं.

फिल्मला उजेड लागला की ती जळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी हे अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले तेव्हा हातात ओली पट्टी होती. आधीचे काही फोटो वाचलेले, शेवटचा काळाकुट्ट. मी दारात उभी होते, तोंड उघडलं होतं, सांगणारच होते... तेवढ्यात तेच म्हणाले, “भात्याले भोक पडलं वाटते. जुना माल हाय.”

आणि मी तोंड मिटलं. टप्प.

सासूबाई पुन्हा बसायला तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, “एक डाव बसली ना मी? तुह्या डब्यानं खाल्लं तं मी काय करू!” संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या. भिंतीवर सासऱ्यांच्या फोटोशेजारी ह्यांनी एक खिळा ठोकला होता, तो तसाच राहिला. दर दसऱ्याला हे त्या रिकाम्या खिळ्याला झेंडूचं फूल अडकवायचे. पाहुणे विचारायचे, हे सांगायचे, “आईचा फोटो काढला होता, माह्या कॅमेऱ्याच्या भात्याले भोक होतं.” माझा भाता, माझं भोक, माझी चूक... असं ते चाळीस-पन्नास वर्षं सांगत राहिले, आणि मी आत चहा उकळत राहिले. तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. एकदा तर “गॅस संपला” म्हणून आले, आणि तो संपला नव्हता.

पूजा मात्र दर वर्षी मीच करायची. कॅमेरा हे स्वतः पाटावर ठेवायचे, मिटलेला, सुतळीनं बांधलेला, आणि म्हणायचे, “एकच टाक. वरून.” एकच अक्षता! मला वाटायचं काय चिक्कू माणूस आहे, देवालाही मोजून.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

आता यंदाचा दसरा.

जुई सुट्टी घेऊन आर्वीला आली होती. आदल्या दिवशी झेंडूचे हार करत बसलो होतो, तिने खिळ्याकडे पाहून विचारलं, “आजी, इथे कुणाचा फोटो होता?” मी सांगितलं, तुझ्या पणजीचा लागणार होता. मग तिने फोन उघडून विचारलं, दिसायला कशा होत्या सांग, एआयकडून बनवून घेऊ. मी सांगितलं, काळ्यासावळ्या, कपाळ मोठं, नाकात नथ नाही, समोरचा एक दात नाही. पडद्यावर एक बाई आली... गोरीपान, बत्तीसच्या बत्तीस दात, ओठ लाल. सासूबाईंनी तिला घरात घेतलं नसतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता जुई म्हणाली, “पण खरा फोटो का नाही लागला?”

आणि मी... त्र्याहत्तर वर्षांची बाई, आता कोणाला घाबरायचं राहिलेलं नाही... मी म्हटलं, “तुह्या आजोबाच्या कॅमेऱ्याच्या भात्याले भोक होतं.”

तोंडून गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीत पाट मांडला. ह्यांचा कॅमेरा आता मुलाच्या बंगलोरच्या घरी काचेच्या कपाटात आहे, म्हणून त्या जागी मी माझा फोन ठेवला. मिटलेला. आता नीट वाचा, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार आहात. कुंकू मी फोनला नाही, त्याच्या रिकाम्या खोक्याला लावलं. फोनवर फक्त एक आपट्याचं पान. अक्षता केल्याच नाहीत. जुई म्हणाली सुद्धा, “आजी, नो राईस, प्लीज,” आणि मी तांदळाचा डबा बाहेरच काढला नाही. दुपारी आम्ही दोघींनी पुऱ्या खाल्ल्या, भात नव्हताच. फोन पाटावर संध्याकाळपर्यंत मिटलेला. खोलीत आम्ही दोघी, तिसरं कोणी नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारी आले, फोटो काढावा म्हणून मी फोन घेतला. उघडायला गेले तर कर्रर्र... अर्धा उघडला आणि अडला. ना पुरा उघडे, ना मिटे.

जुईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

“आजी, काय टाकलंस?”

“देवाशप्पथ काई नाई.”

“आजी...”

“अगं, एक डाव केलं म्हणून दर डाव करीन काय?”

“एकदा म्हणजे कधी?”

मी सोनं द्यायला शेजाऱ्यांकडे वळले.

दोन दिवसांनी आम्ही वर्ध्याला गेलो, दुरुस्तीच्या सेंटरमध्ये. टेबलामागे पन्नाशीचा एक माणूस, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. त्याने फोन उलटा केला, बारीक स्क्रू काढले, बिजागरीवरची पट्टी उचलली. एकदम थांबला. चिमटा आत घातला आणि काहीतरी काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं.

तांदळाचा दाणा. लाल. आणि अर्धा.

“आजी, हा आत कसा गेला?” तो म्हणाला.

“मी तुमालेच विचारणार होती.”

“नाई, मी मजाक नाई करून राह्यलो. ही फट पाहा.” त्याने बिजागरीच्या कडेची फट दाखवली आणि दाणा तिच्याशेजारी धरला. “याच्यातून कागद जाईन, धूळ जाईन. दाणा जात नाई. घुसवला तं पीठ होऊन जाईन. आन् पट्टी तं कंपनीची फिट होती, मी आत्ता खोलली.” तो जुईकडे वळला. “मॅडम, पहले कुठं खोलला होता काय?”

जुई नाही म्हणाली. ती दाण्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. कारण मी एकदम खुर्चीत बसले होते.

मी आता फक्त अख्खा कोलम निवडून पूजेला घेते. घरात कणी आणल्याला कितीतरी वर्षं झाली. आणि ते कुंकू... आत्ताचं कुंकू गुलाबी असतं, चकचकीत. हे विटकरी होतं. सासूबाई घरी करायच्या ते.

मी त्या माणसाला म्हटलं, “तो दाणा मले पुडी बांधून द्या.” त्याने दिली. फोन अर्ध्या तासात सुरू झाला, पडद्याला ओरखडासुद्धा नाही.

बाहेर येऊन जुईला म्हटलं, आर्वीला नंतर जाऊ, आधी पुलगाव.

पुलगावला माझी नणंद राहते, वनमाला. ह्यांची धाकटी बहीण. त्या दसऱ्याला ती अठरा वर्षांची होती आणि घरात होती. सासूबाईंचा चेहरा आठवणारी माझ्याशिवाय आता तीच एक. मला कोणाला तरी सांगायचंच होतं, आणि हे ऐकून मला रागवायचा हक्क आता तिलाच होता.

वनू बाजेवर सुपारी कातरत बसली होती. मी बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि सगळं सांगून टाकलं. कणी, कडी, गाभारा, पदर. जुई शेजारी तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवटी मी पुडी सोडली आणि दाणा बाजेवर ठेवला.

मला वाटलं होतं वनू रडेल, नाही तर बोलेल चार शब्द. तिने अडकित्ता खाली ठेवला. दाण्याकडे पाहिलं. मग उठून देवघरात गेली आणि एक डबी घेऊन आली... ॲल्युमिनियमची, पूर्वी फिल्मचा रोल यायचा तसली, फिरकीच्या झाकणाची. मी ती डबी लगेच ओळखली. स्टुडिओत अशा ढिगानं पडलेल्या असायच्या.

“दादानं देल्ली होती,” ती म्हणाली. “त्याच दसऱ्याच्या दोन-तीन दिसानं.”

“काय हाय याच्यात?”

“तूच पाह्य.”

झाकण घट्ट बसलं होतं. माझ्यानं फिरेना, वनूच्यानं फिरेना. जुईने फडकं धरून जोर लावला तेव्हा कुरकुरलं आणि निघालं. आत तळाशी कापसाचा चपटा बोळा. कापसावर मधोमध विटकरी डाग, दाण्याएवढा. आणि बाकी काही नाही.

वनूने डबी उपडी केली. बोळा पिंजून पाहिला. देवघरात जाऊन जमीन चाचपून आली. 

“याच्यातच होता वो वहिनी,” ती म्हणाली. “दादाले कॅमेऱ्यात सापडला होता तो अर्धा दाणा. मागच्या दिवाळीले देव घासले तवा वाजवून पाह्यली मी डबी. वाजली होती.”

“तवा झाकण उघडलं होतं?”

“नाई. लग्न होऊन इकडं आली तवापासून उघडलंच नाई.”

जुई हळूच म्हणाली, “आजी, मला इथून जायचंय.” मग आम्ही तिघी हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

पुढे काय सांगू? मी स्वतःला शंभर उत्तरं देऊन पाहिली. डबीतला दाणा मुंगीने नेला असेल... बंद झाकणातून? फोनमधला दाणा कारखान्यातच गेला असेल... घरचं कुंकू लावून? दोन वेगळे दाणे असतील, योगायोग असेल. असेलही. मला माहीत नाही. मी अजूनही तुमच्या उलट्या पायांच्या बायांवर विश्वास ठेवत नाही, उगाच आशा करू नका. दाणा आता त्या डबीत परत ठेवलाय आणि डबी माझ्या देवघरात आहे. फोन ओट्यावर अर्धा उघडा उभा असतो आणि मिटताना अजून टप्प वाजतो. खिळ्याला यंदा फूल मी लावलं, दिवाळीपर्यंत सुकून तिथेच होतं.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र मी विचारल्याशिवाय निघाले नाही. गाडी सुरू झाली होती, जुई हॉर्न वाजवत होती, आणि मी फाटकाशी वनूचा हात धरून उभी होते. म्हटलं, तुझ्या दादाला दाणा सापडला, म्हणजे सगळं समजलं होतं. मग जन्मभर भात्याचं भोक का सांगितलं? वनूने माझा पदर सारखा केला आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

“मीनं बी हेच विचारलं होतं वो वहिनी, काऊन खोटं बोलतं म्हणून. तं मले म्हणे, ‘वनू, डबी लपवून ठेव आन् तिले सांगजो नको. मले माहीत हाय हे तिले समजलं, तं पुढच्या दसऱ्याले पूजेले हात नाई लावणार... आन् मले दर साल तिच्याच हातची पूजा पाह्यजे.’”